सायकलस्वाराचे वजन किती असावे?

दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळच्या वेळी एक बाई आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलगा उंच, काटक. पण गाल बसलेले आणि डोळ्यांखाली काळे. "डॉक्टर, याच्याकडे जरा बघा. महिन्यात तिसऱ्यांदा सर्दी-खोकला झालाय. भाकरी नको म्हणतो, भात नको म्हणतो. सकाळी काकडी, रात्री काकडी. आणि वर ती सायकल!" आईने एका दमात सगळे सांगून टाकले.

मुलगा गप्प होता. आई औषधाच्या दुकानात गेल्यावर तो बोलू लागला. त्याला सायकल शर्यतीत उतरायचे होते. चार महिन्यांपूर्वी त्याचे वजन ६६ किलो होते, आता ५८. उंची १७२ सेंटिमीटर. "५८ च का?" असे मी विचारले. त्याने खिशातून मोबाईल काढून इटलीच्या मार्को पँटानीचे चित्र दाखवले. १९९८ ची 'टूर द फ्रान्स' जिंकणारा, घाट चढण्यात हातखंडा असलेला हा सायकलपटू. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ५७ किलोच्या आसपास. "माझी उंची तेवढीच आहे. मग वजनही तेवढे नको का?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी स्वतः रविवारी सकाळी सायकल काढणारा माणूस असल्याने तो मलाही पूर्वी पडलेला आहे. हल्ली आपल्या गावात पहाटे सायकलवरून जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यांतले अनेकजण हाच प्रश्न विचारतात. म्हणून आज या विषयाची थोडी फोड करू.

घाटाचे गणित

आमच्या या मुलाची कसोटी म्हणजे वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १२९० मीटरवर. म्हणजे बारा-एक किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ. चढावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद स्वतःचे व सायकलचे वजन वर उचलण्यात खर्च होते. धान्याचे पोते माळ्यावर चढवण्यासारखेच हे काम आहे. पोते हलके तर काम हलके.

६६ किलोंचा मुलगा, बारा किलोंची सायकल आणि पाण्याच्या बाटल्या वगैरे दोन किलो, असे एकूण ८० किलोंचे ओझे तो पन्नास मिनिटांत वर नेत असे. त्यासाठी पायांना सतत १९० वॅटच्या आसपास ताकद लावावी लागते. तीच ताकद कायम राहून वजन आठ किलोंनी उतरले, तर हा घाट सुमारे सेहेचाळीस मिनिटांत चढता येईल. म्हणजे अशा घाटात दर किलोमागे साधारण अर्धे मिनिट वाचते. मुलाने केलेले गणित बरोबर होते.

पण प्रत्यक्षात काय झाले? आठ किलो उतरल्यावर त्याला त्याच घाटाला त्रेपन्न मिनिटे लागू लागली! चार मिनिटे वाचायची, ती उलट तीन मिनिटे वाढली. त्यामुळे घाबरून त्याने खाणे आणखी कमी केले होते.

चूक एकाच ठिकाणी झाली होती. "तीच ताकद कायम राहून" ही अट तो विसरला. सायकलिंगमध्ये नुसत्या वजनाला अर्थ नाही. किलोमागे किती ताकद, याला अर्थ आहे. पूर्वी त्याची ताकद किलोमागे सुमारे २.९ वॅट होती. वजन घटल्यावर ती वाढायला हवी होती. पण उपाशी शरीराने एकूण ताकदच पंधरा टक्क्यांनी घालवली आणि किलोमागचा आकडाही २.८ वर घसरला. हलक्या पोत्याचा फायदा हमालाच्या अशक्तपणाने खाऊन टाकला.

सपाटीवर वेगळा न्याय

सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने जाताना मुख्य अडथळा असतो तो वाऱ्याचा. तेथे दोन-तीन किलो इकडेतिकडे झाल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उलट भरदार मांड्यांचा, थोडा वजनदार स्वार सपाटीवर हलक्या स्वाराला मागे टाकतो.

एकाच माणसाच्या बाबतीत हे कसे बदलते, याचे चांगले उदाहरण म्हणजे ब्रिटनचे ब्रॅडली विगिन्स. २००४ व २००८ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सपाट, बंदिस्त ट्रॅकवर सुवर्णपदके मिळवली, तेव्हा त्यांचे वजन ८० किलोंच्या वर होते. डोंगर ओलांडून जाणारी 'टूर द फ्रान्स' २०१२ मध्ये जिंकताना ते ७० च्या आसपास उतरले होते. पुढे २०१६ च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी वजन पुन्हा वाढवले आणि ट्रॅकवर आणखी एक सुवर्ण घेतले. माणूस तोच, पण कामाप्रमाणे योग्य वजन वेगळे. हे सारे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वर्षानुवर्षे चाललेले काम होते, हेही ध्यानात घ्यावे.

आता पँटानीविषयी. ज्या शर्यतीत ५७ किलोंचा पँटानी जिंकला, तीच शर्यत १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे स्पेनच्या मिगेल इंदुराइनने जिंकली होती. त्याची उंची १८८ सेंटिमीटर आणि वजन ८० किलोंच्या घरात! मुलाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. २०१३ मध्ये फ्रान्सच्या सिनेटने जाहीर केलेल्या अहवालानुसार, १९९८ च्या पँटानीच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ हे बंदी असलेले औषध आढळले होते. चित्राखाली लिहिलेल्या वजनामागे काय काय दडलेले असते, ते चित्रावरून कळत नाही. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये, तो एवढ्यासाठी.

काटा सांगत नाही ते

वजनाचा काटा फक्त बेरीज सांगतो. त्यात हाडे किती, स्नायू किती, पाणी किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही. उंचीच्या मानाने वजन काढण्याची एक रीत सर्वांना ठाऊक आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. येणारा आकडा म्हणजे बॉडी मास इंडेक्स. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ हा आकडा योग्य, २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

पण या आकड्याची मर्यादा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण देऊन दाखवली आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो प्रसिद्ध झाला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आत चरबी बाळगून असतो. म्हणून काट्याबरोबर कंबरेला टेपही लावावी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी.

योगायोग असा, की आमच्या मुलाचा मूळचा आकडाही २२.३ च होता. आणि ५८ किलोंना तो १९.६ झाला. म्हणजे तक्त्याप्रमाणे तो अजूनही 'ठीक' होता! पण तपासणीत हिमोग्लोबिन निघाले १०.९. पुरुषात ते किमान १३ हवे. रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारे द्रव्यच कमी, तर घाटात दम लागणार नाही तर काय होणार?

शरीराची उधारी

असे का झाले, ते समजून घेऊ. पसरणीचा घाट एकदा चढायला त्याला साधारण पावणेसहाशे उष्मांक लागत. मुलगा दिवसभरात जेमतेम १५०० उष्मांक खात होता. त्यातले सहाशे सायकलने नेले. हृदय, मेंदू, यकृत, हाडे, रोगप्रतिकारशक्ती या सगळ्या घरखर्चाला उरले ९००. तरुण शरीरातील चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ४५ उष्मांक घरखर्चासाठी शिल्लक राहावे लागतात. पन्नास किलोंमागे झाले २२५०. हा आकडा दीर्घकाळ किलोमागे ३० च्या खाली, म्हणजे १५०० च्या खाली गेला, की शरीर काटकसर सुरू करते. आणि मुलाचे उरत होते ९००.

काटकसर कशात होते? पुरुषांत पुरुषी संप्रेरक घटते. स्त्रियांत मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. हाडांची भर थांबते, जखमा लवकर भरत नाहीत, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, झोप बिघडते, माणूस चिडचिडा होतो. ही अवस्था पूर्वी फक्त स्त्री खेळाडूंची मानली जाई. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ती पुरुषांनाही होते हे मान्य करून तिला वेगळे नाव दिले. सायकलस्वारांना तर तिचा धोका अधिक. धावताना-उड्या मारताना हाडांवर भार पडून ती बळकट होतात. सायकलवर माणूस बसलेला असतो. त्यामुळे नुसती सायकलच चालवणाऱ्यांची हाडे मुळातच कमकुवत राहू शकतात. त्यात उपासमार, आणि एखाद्या उताराच्या वळणावर पडणे! आठवड्यातून दोनदा जोर-बैठका, दोरीच्या उड्या किंवा वजने उचलणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

मुलींच्या पालकांना येथे मुद्दाम सांगतो. सायकलिंग करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर "व्यायामाने होतेच असे" म्हणून सोडून देऊ नका. ते शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा आहे. २०२५ ची महिलांची 'टूर द फ्रान्स' जिंकणाऱ्या पोलिन फेरां-प्रेव्हो यांनी शर्यतीसाठी मुद्दाम वजन उतरवले होते. पण हे पूर्णपणे आरोग्याचे नाही आणि असे कायम राहता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. जगज्जेत्या बाईला जे चार दिवस साधते, ते शाळकरी मुलीने बारा महिने करायचे नसते.

मग आपला आकडा कसा शोधावा?

नेमके वजन सांगणारा कोणताही तक्ता नाही. पण शोधण्याची रीत आहे. ती अशी:

पहिली पायरी, चरबीचा अंदाज. त्वचेची चिमूट मोजणाऱ्या चिमट्याने जाणकार व्यक्तीकडून हा अंदाज मिळतो. व्यायामशाळेतील विजेचे काटेही आकडा दाखवतात; पण पाणी पिण्या-न पिण्याने तो बदलतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये. पुरुषाला जगण्यासाठीच तीन ते पाच टक्के आणि स्त्रीला दहा ते बारा टक्के चरबी लागते. ती कमी करण्याची गोष्ट नव्हे.

दुसरी पायरी, साधी वजाबाकी. मुलाची मूळ चरबी १४ टक्के धरली तर ६६ किलोंत चरबी सव्वानऊ किलो आणि बाकीचे शरीर पावणेसत्तावन्न किलो. स्नायूंना धक्का न लावता चरबी १० टक्क्यांवर आणली, तर वजन होते ६३ किलो. आणि ५८ व्हायचे असेल तर? चरबी दोन टक्के उरली पाहिजे! ते जिवंत माणसाला परवडणारे नाही. म्हणजेच ५८ गाठण्यासाठी त्याने चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही जाळले होते. घाट चढायचा तो ज्यांच्या जोरावर, तेच मोडून त्याने वजन कमी केले. हे गणित कागदावर मांडले तेव्हा मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तिसरी पायरी, घड्याळ. ताकद मोजणारी महागडी यंत्रे नसली तरी अडत नाही. आपल्या जवळचा एकच चढ निवडा. तीन-चार आठवड्यांतून एकदा, वारा नसताना, विश्रांतीच्या दिवसानंतर, तीच सायकल घेऊन तो चढा आणि वेळ वहीत लिहा. शेजारी त्या आठवड्याचे सरासरी वजन लिहा. वजन उतरते आहे आणि वेळही उतरते आहे, तोवर ठीक चालले आहे. वजन उतरते पण वेळ जागीच, तर थांबा. तुमचे योग्य वजन आले. वेळ वाढू लागली तर तुम्ही ते ओलांडून खाली गेला आहात. दोन पावले मागे या.

वजन मात्र रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी करावे आणि आठवड्याची सरासरी घ्यावी. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. स्नायू व यकृतात मिळून चारपाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली असते आणि तिच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. भाकरी-भात सोडला की पहिल्या आठवड्यात झर्रकन दीड-दोन किलो उतरतात ते हेच. चरबी जागेवरच असते. रिकामी झालेली असते ती सायकलस्वाराची इंधनाची टाकी. तसेच लांबच्या फेरीनंतर एक किलो कमी दिसले तर ते साधारण एक लिटर घामाचे असते. ते पाणी भरून काढायचे, मिरवायचे नाही.

उतरवायचेच असेल तर

पोट सुटलेल्या मध्यमवयीन सायकलस्वाराला वजन उतरवण्याचा निश्चित फायदा आहे. माझ्याच ओळखीच्या एका बँक कर्मचाऱ्यांचे उदाहरण देतो. वय एकावन्न, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४, कंबर १०२. नऊ महिन्यांत त्यांनी सात किलो उतरवले. रक्तदाब ताळ्यावर आला आणि यवतेश्वराच्या चढावर सायकल हातात धरून चालणारे हे गृहस्थ आता न उतरता वर जातात. त्यांनी काय केले? पाच कप चहातली साखर सोडली. दोन चमच्यांच्या हिशेबाने तिथेच रोजचे दोनशे उष्मांक वाचले. संध्याकाळची फरसाणाची बशी बंद केली. बाकी जेवण तेच, सायकल नियमित. दिवसाला तीनशे-चारशे उष्मांकांची तूट पुरेशी असते. आठवड्याला अर्धा किलो ही वेगाची हद्द समजावी.

तूट करताना प्रथिने कमी पडू देऊ नयेत, नाहीतर स्नायू झिजतात. रोज किलोमागे दीड ग्रॅम प्रथिने हे लक्ष्य ठेवावे. डाळी, मटकी, शेंगदाणे, दूध, ताक, पनीर आणि चालत असल्यास अंडी, मासे यांतून ती मिळतात. शंभर ग्रॅम डाळीत बावीस-चोवीस ग्रॅम, तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यात प्रथिने चांगली. पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर उष्मांक, म्हणून मूठ मोजून खावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काटकसर सायकल चालवताना करू नये. दीड तासाहून लांब फेरी असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत. एक मोठे केळे, चार-पाच खजूर किंवा गूळपोळीचा तुकडा एवढे त्याला पुरते. खाणे कमी करायचे ते विश्रांतीच्या दिवशी, आणि तेही शर्यतीच्या दोन महिने आधी थांबवावे.

अठरा वर्षांखालील मुलांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सायकलसाठी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. भर रस्त्यात साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. चाळिशीनंतर घाट चढायला सुरुवात करणाऱ्यांनी आधी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. महिनाभर मी त्याचा घाट बंद केला. लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि भाकरी परत ताटात आणली. ती मात्र माझ्या नव्हे, आईच्या अधिकारात! वजन वाढताना तो पहिले काही आठवडे फार अस्वस्थ होता. काट्यावर उभे राहायलाच नको म्हणायचा. सात महिन्यांनी वजन ६३ वर स्थिरावले, हिमोग्लोबिन १४ झाले. परवा तो एकटाच दवाखान्यात आला आणि वही पुढे केली. पसरणीचा घाट सत्तेचाळीस मिनिटे. शर्यत अजून व्हायची आहे. तो जिंकेल की नाही मला माहीत नाही. पण वहीच्या त्या पानावर वजनाचा आकडा त्याने बारीक अक्षरात लिहिला होता आणि वेळेचा मोठ्या, एवढे मात्र मी पाहिले.